फडताळ गणपतीपूर्वी घासू नका

गेल्या वर्षी गणपतीला चार दिवस उरले असताना, तळगडाच्या पायथ्याशी राहणारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा रात्री धाप लागून माझ्याकडे आले. दमा जुनाच. मुंबईहून आलेल्या मुलाने दिवसभर स्वयंपाकघरातील सागवानी फडताळ पॉलिश पेपरने घासले होते आणि आजोबा शेजारी बसून सूचना देत होते. नेब्युलायझरने श्वास सावरला, तेव्हा त्यांचे पहिले वाक्य होते, "डॉक्टर, फडताळ अर्धेच राहिले हो!"

कोकणातील जुन्या फडताळांना बहुधा रंग नसतो, पॉलिशही नसते. उघड्या लाकडात चुलीचा धूर, फोडणीचे तेल आणि पावसाळी ओल वर्षानुवर्षे मुरते. त्यावर बुरशी धरते. कोरडे घासले की लाकडाची धूळ आणि बुरशीचे कण एकदमच हवेत उडतात. लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक द्रव्यांत होते. मात्र तो धोका वर्षानुवर्षे सुतारकाम करणाऱ्यांचा. दमेकऱ्याच्या फुप्फुसाला एक दिवस पुरतो.

शिवाय श्रावण-भाद्रपदात लाकूड पाणी पिऊन फुगलेले असते. त्यावर पॉलिश चढवले तर ते पांढुरके पडते. म्हणून गणपतीपूर्वी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे, लगेच कोरडे करावे, एवढेच. खरे काम दसऱ्यानंतरच्या उन्हात.

तेव्हा प्रथम फडताळ रिकामे करावे. गोळ्यांचा डबा हमखास तिथेच सापडतो. शेगडीजवळच्या वाफेत औषधे बिघडतात, त्यांची जागा बदलावी. उंदराच्या लेंड्या असल्यास झाडू नयेत. हातमोजे घालून, जंतुनाशकाने भिजवून, कागदाने उचलाव्यात. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून लाकडाच्या रेषांच्या दिशेने थोडा थोडा भाग पुसावा, स्वच्छ पाण्याच्या फडक्याने साबण काढावा. पाणी ओतू नये. सोडाही नको, त्याने सागवान काळवंडते. दारे उघडी ठेवून काही दिवस वाळू द्यावे. काळे डाग राहिले तर राहू द्यावेत. पन्नास वर्षे राबलेल्या लाकडाला ते शोभतात.

घासायचेच असेल तर फळ्या आणि दारे काढून अंगणात न्यावीत, एन-९५ मुखपट्टी लावावी. कोपऱ्यात जुन्या ऑइलपेंटचा पापुद्रा दिसला तर कोरडे घासूच नये. रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते आणि ते रांगत्या नातवंडांना घातक आहे.

शेवटचा हात कशाचा? वाळवीसाठी काही जण काजूच्या टरफलाचे तेल लावतात. त्याने हाताला आलेले फोड मी पाहिले आहेत. खोबरेल वाळत नाही, कालांतराने खवट होते. जवसाचे तेल वाळते. पातळ हात द्यावा, उरलेले पुसून घ्यावे, वास पूर्ण जाईपर्यंत धान्य ठेवू नये. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवून ठेवावेत. थिनर किंवा स्पिरिट वापरताना गॅस बंदच हवा.

सामान परत लावताना रोजचे डबे कंबर ते खांद्याच्या उंचीत ठेवावेत. स्टुलावरून पडून मोडलेले खुबे माझ्या नोंदवहीत पुष्कळ आहेत.

आजोबांचे उरलेले अर्धे फडताळ ऑक्टोबरात अंगणात पूर्ण झाले. ते ओटीवर, वाऱ्याच्या उलट बाजूला बसले होते. सूचना तिथूनही चालूच होत्या.