गोकर्णीचं बी धरताना

स्वीट पीला हवा तसा गारवा तेरेखोल खाडीकाठच्या आरोंद्यात नाही. तिथल्या कुंपणावर शोभते ती तिच्याच कुळातली गोकर्णी. बी धरायचं तर शेंग वेलीवरच तपकिरी, खुळखुळती होऊ द्यावी. फार थांबलात तर वाळलेल्या फाका पीळ घेत उलटतात आणि बी उडून जातं. म्हणून मी सकाळी, दवाने शेंगा मऊ असतानाच खुडते.

खरा शत्रू कोकणची दमट हवा. बियांतला ओलावा १ टक्क्याने घटला, की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. सावलीत खडखडीत वाळवून, कोरड्या राखेसोबत घट्ट बरणीत ठेवा. पेरताना कडक साल जराशी घासून रात्रभर भिजवा, एरवी पाणी आत शिरतच नाही.

निळी-पांढरी गोकर्णी शेजारी असली तर रंग मिसळतील का? फूल बहुतेकदा स्वतःच्याच परागांनी फळतं. रंग सहसा टिकतो.