अडथळे पाहून वाट काढणारा कॅमेरा ड्रोन

दाट झाडीतून धावणाऱ्या माणसाच्या मागोमाग ड्रोन उडवून त्याचे चित्रण करणे कुशल चालकालाही अवघड जाते. अमेरिकेतील स्कायडिओ कंपनीने २०१८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘आर-१’ या ड्रोनने हे काम चालकाविना साध्य केले. त्यात १३ कॅमेरे होते. पैकी १२ केवळ मार्ग पाहण्यासाठी होते.

माणसाच्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित निरनिराळ्या जागी दिसते व त्यावरून अंतर उमगते. येथेही तत्त्व तेच आहे. प्रतिमांमधील फरकावरून ड्रोनमधील संगणक परिसराचा त्रिमितीय नकाशा सतत तयार करतो आणि समोरची व्यक्ती पुढे कोठे जाईल याचा अंदाज बांधून मोकळी वाट निवडतो. झाड आडवे आले तर बहुधा थांबण्याऐवजी वळसा घालतो.

मात्र हा सारा भरवसा दृष्टीवर आहे. विजेच्या बारीक तारा, निष्पर्ण डहाळ्या व पारदर्शक काच कॅमेऱ्यांना नीट दिसत नाहीत. अंधारात तर हे ड्रोन निरुपयोगीच. २०१९ मधील ‘स्कायडिओ-२’ लाही या मर्यादा होत्या. त्यामुळे उड्डाणासाठी सुरक्षित जागा निवडण्याची जबाबदारी माणसावरच राहिली.

२०२३ मध्ये कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद केला. तिचे ड्रोन आता पूल आणि वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठीही वापरले जातात.