देवापुढचं हसू
(यात्रेचे दिवस : लेखांक ४)

आज यात्रेच्या रात्रीविषयी.

आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरपासून वर जुन्नरपर्यंत, या सगळ्या पट्ट्यात देवाचा छबिना निघतो आणि त्याच यात्रेत तमाशाही उभा राहतो. देवाच्या दारात तमाशा कसा, असं बाहेरचा माणूस विचारतो. गावाला हा प्रश्न कधी पडला नाही. त्याचं उत्तर तमाशाच्या मांडणीतच आहे.

सुरुवात गणाने होते. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज यांच्या साथीने गणपतीला वंदन झाल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. मग गवळण. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. तेव्हा पुढे होते ती मावशी. मावशी म्हणजे बाप्या माणूस, डोक्यावर नुसता पदर ओढून घेतलेला. तू कोण, कुणाचा, आमची वाट अडवणारा तू कोण लागून गेलास, असं ती खुद्द देवाला दरडावते आणि तंबू हसून लोळतो. घटकाभराने त्याच देवापुढे गवळणी हात जोडतात. परक्याची थट्टा करायला माणूस बिचकतो. थट्टा होते ती घरच्याची. देव घरचा झाल्याची खूण म्हणजे हे हसू. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनीही गवळणी आणि भारुडं रचली ती याच ओढीने.

आपल्याकडे तमाशाची पंढरी म्हणजे नारायणगाव. यात्रा जवळ आल्या की तिथे फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी येतात, फड ठरवतात, सुपारी देतात. याच गावाचं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी देशभर नेलं. त्यांची एक हकिकत आजही सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. काय घडलं ते प्रेक्षकांच्या ध्यानात आलं, तेव्हा त्यांनीच हात जोडले आणि बाई, आता थांबा, म्हणून विनवलं. करमणुकीला पैसे मोजून आलेली माणसं त्या रात्री खेळ अर्धा सोडून उठली. कृपा म्हणतात ती मला याहून वेगळी वाटत नाही. देवळात ती मागायची असते, तंबूत ती माणसांनी माणसाला दिली.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. राष्ट्रपती पुरस्काराचा मान मिळूनही त्यांचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, हे आपण विसरू नये.

म्हणून एवढंच मागणं : यंदा यात्रेला गेलात तर गाण्यांच्या वेळेला उगवू नका, गणाच्या आधी जाऊन बसा. आणि फडाची ठरलेली बिदागी सकाळी निघण्याआधी पुरती हातात द्या.