एक उंदीर, एक दगडफूल

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे लायकेन : बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. त्याचाच एक मोठा भाऊबंद, लोबेरिया पल्मोनारिया, इंग्लंडच्या जुन्या जंगलांत ओक आणि अ‍ॅशच्या खोडांवर वाढतो. पावसात हिरवागार, उन्हात तपकिरी आणि कागदासारखा. पृष्ठभागावरचे खळगे फुप्फुसासारखे दिसतात, म्हणून पूर्वी तो छातीच्या विकारांवर देत. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडने त्याला ठिकठिकाणी संपवलं. युरोपातल्या अनेक देशांत तो आज धोक्यात आहे.

त्याच जंगलांत हेझल डॉरमाउस हा उंदरासारखा छोटा प्राणी राहतो. सोनेरी अंग, झुपकेदार शेपूट, वजन जेमतेम 20 ग्रॅम. हिवाळाभर तो जमिनीलगत, पाल्याखाली गोळा होऊन झोपतो. तो दिसणं कठीण; पण हेझल या झुडपाच्या फळाचं रिकामं कवच हातात घ्या : भोक गोल, आतली कड घासल्यासारखी गुळगुळीत, बाहेर दातांचे तिरके ओरखडे. ही त्याची सही.

दोघांनाही अखंड, जुनं रान मानवतं. डॉरमाउस उघडं माळरान सहसा ओलांडत नाही. लायकेनही नव्या झाडावर फार सावकाश पोचतं. गरजा मात्र वेगळ्या. डॉरमाउसला दाट झुडपं हवीत, त्यासाठी हेझल आलटूनपालटून छाटावी लागते. लायकेनला हवं म्हातारं, उजेडातलं खोड. ते तोडलं की त्यावरचं लायकेनही गेलं. माझ्या मते म्हणूनच छाटणीआधी प्रत्येक जुनं खोड जवळून पाहायला हवं.