भोंगा, फीत आणि चित्रकलेचे विद्यार्थी

चित्रकलेच्या विद्यालयात शिकणारी काही मुले अलीकडे कुंचल्याऐवजी ध्वनिमुद्रक घेऊन हिंडतात. स्टेशनावरचा गलका, विहिरीवरच्या मोटरीची घरघर, बाजारातली लिलावाची आरोळी ती मुद्रित करतात, कापतात, जोडतात, उलटी फिरवितात आणि एखाद्या रिकाम्या खोलीत कर्णे लावून लोकांना ऐकवितात. याला ती ध्वनिकला म्हणतात. हे गायन नव्हे, वादन नव्हे, नाटकही नव्हे. मग हे आहे तरी काय, असे लोक विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात पुष्कळदा थोडी चेष्टा असते. चेष्टेला जागा आहे, हे मी पुढे सांगणारच आहे. परंतु ज्या यंत्राला नावे ठेवावयाची ते निदान उघडून पाहावे, हा आमच्या धंद्यातला नियम आहे.

मी कामगार संघटनेचे काम करणारा माणूस. कलाशाळेची पायरी मी चढलेलो नाही. वाचनालयातून जे हाती लागले ते वाचीत गेलो. तरीही आवाज हा विषय माझ्या धंद्याबाहेरचा आहे असे मला वाटत नाही. गिरणीत सगळा कारभार आवाजाचा. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी संपली. साच्याचा आवाज बदलला की साचेवाल्याला धागा तुटल्याचे डोळ्यांआधी कानांनी कळते. आवाज वाचणे ही कामगाराची रोजची विद्या आहे. तिला कोणी कला म्हटले नव्हते इतकेच.

या कलेचा आरंभ एका चित्रकाराने केला, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. लुईजी रुसोलो हा इटलीतला चित्रकार. १९१३ साली त्याने असे मांडले की, यंत्रयुगातल्या माणसाला केवळ सतारी-सारंगीसारख्या गोड वाद्यांवर भागविता येणार नाही, कारखान्याचा खडखडाटही संगीतात आला पाहिजे. त्याने लाकडी पेट्या तयार केल्या. त्यांना पुढे कर्णा आणि मागे फिरवावयाचा दांडा. दांडा फिरविला की पेटी गुरगुरे, घरघरे, शिट्टी मारी. कल्पना मोठी होती. परंतु या मंडळींना युद्धाचेही तितकेच कौतुक होते आणि त्यांचे पुढारी पुढे फॅसिस्टांच्या वळचणीला गेले, हेही सांगून टाकले पाहिजे. यंत्राच्या आवाजावर प्रेम करणारा मनुष्य यंत्रापाशी उभ्या असलेल्या मनुष्यावर प्रेम करीलच असे नाही.

मला अधिक जवळचा वाटतो तो १९२२ सालचा बाकूचा प्रयोग. बाकू हे कास्पियन समुद्रावरचे तेलाचे शहर. रशियन क्रांतीच्या पाचव्या वाढदिवशी, ७ नोव्हेंबर रोजी, आर्सेनी अव्रामोव्ह या संगीतकाराने सगळे शहरच वाद्य म्हणून वाजविले. कारखान्यांचे भोंगे, जहाजांच्या शिट्ट्या, तोफा आणि हजारो लोकांचे गाणे हा त्याचा ताफा. आणि संचालक उंच जागी उभा राहून निशाणांनी इशारे देत होता. भोंगा हा एरवी मालकाचा आवाज. तो हुकूम देतो, आणि हुकमाला उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा रोज जातो. तोच भोंगा एक दिवस कामगारांच्या गाण्यात सामील झाला. त्या दिवसाचे ध्वनिमुद्रण उरलेले नाही.

ध्वनिमुद्रणाचा खरा उपयोग पिएर शेफेर या फ्रेंच माणसाने केला. हा पॅरिसच्या नभोवाणीवर काम करणारा तंत्रज्ञ. १९४८ साली त्याने आगगाडीच्या इंजिनांचे आवाज तबकडीवर घेतले. तबकडीची रेघ एका जागी बंद केली की सुई तेच तेच वर्तुळ फिरते, आणि इंजिनाचा एकच फुत्कार पुनःपुन्हा ऐकू येतो. चार-दोन वेळा ऐकेपर्यंत आपण म्हणतो, हे इंजिन. वीस वेळा ऐकल्यावर इंजिन विसरले जाते आणि नुसता आवाज उरतो, त्याला चढउतार आहे, ठेका आहे हे कळू लागते. भुसावळच्या यार्डाजवळ ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगावयाला नको. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या रुळांच्या सांध्यांवरच्या खटखटीवर गाणे बसविले नाही असा पोरगा तिकडे विरळा.

परंतु पॅरिसच्याही अकरा वर्षे आधी आपल्याकडे एक गोष्ट घडून गेली आहे, तिची आठवण कोणी करीत नाही. १९३७ साली प्रभातचा ‘कुंकू’ बोलपट निघाला. दिग्दर्शक शांतारामबापू, संगीत केशवराव भोळ्यांचे. बोलपटात दुःखाचा प्रसंग आला की मागे सारंगी रडावयाची, हा तेव्हाचा रिवाज, आणि तो अजून गेलेला नाही. ‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे आवाज खरोखरीच असतील तेच प्रेक्षकांच्या कानी पडावयाचे, असे त्यांनी ठरविले. म्हाताऱ्या वकिलाच्या घरातले ते भिंतीवरचे घड्याळ आठवून पाहा. नीरेचा संताप आणि त्या घराचा कोंडमारा सांगावयाला तेथे वाद्यवृंद लागला नाही. त्याच प्रभातच्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथे ध्वनिमुद्रण शिकलेले रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ऑस्कर मिळाले, तेव्हा सगळ्या देशाने टाळ्या वाजविल्या. ‘कुंकू’तल्या घड्याळाला मात्र कोणी हार घातला नाही.

जवळ जे आहे त्याचाच माल करावयाचा, हे तत्त्व फैजपूरकरांना तरी नवे वाटू नये. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन आपल्या गावी पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा नंदलाल बसूंनी सजावट केली ती बांबूसारख्या गावच्या साध्या सामानातून. मुंबईहून रेशमी पडदे आले नाहीत. त्यांनी बांबूकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने ही मुले आवाजाकडे पाहतात.

आता अहमदाबादची हकीगत. ती मी थोडी विस्ताराने सांगणार आहे, कारण तीत कला, गिरणी आणि विसर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणीकामगारांनी संप केला, गांधीजींनी उपोषण केले, हे आपणांस ठाऊक आहे. मालकांच्या बाजूचे प्रमुख अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या बाजूने उभी राहिलेली त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. पुढे १९२० साली मजूर महाजन ही संघटना तेथे उभी राहिली. या अंबालालांच्या कन्या गीता साराभाई. त्या पखवाज वाजवीत. बाईने पखवाज वाजवावा हेच त्या काळी अपूर्व होते. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि जॉन केज या तरुण संगीतकाराशी त्यांनी देवघेवीचा करार केला. त्याने पाश्चात्य संगीत शिकवावे, त्यांनी हिंदी संगीत शिकवावे. पैशाचा प्रश्न नाही. संगीत कशासाठी, असे केजने विचारले. मन शांत व्हावे म्हणजे वरचा प्रसाद त्यात उतरतो, अशा अर्थाचे आपल्या गुरूंचे उत्तर त्यांनी त्याला सांगितले. केजने ते जन्मभर मनात ठेविले.

याच केजने १९५२ साली अशी रचना केली की वादक पियानोपुढे साडेचार मिनिटे बसतो आणि एकही सूर वाजवीत नाही. लोक चिडले. परंतु आपण शोकसभेत दोन मिनिटे उभे राहतो तेव्हा काय होते? पंख्याची कुरकुर, कोणाचा खोकला, रस्त्यावरची सायकलची घंटी, हे सारे एकाएकी ऐकू येऊ लागते. शांतता म्हणजे आवाजाचा अभाव नव्हे, हेच त्याला दाखवावयाचे होते. त्या दिवशी पियानोपुढे बसलेला वादक डेव्हिड ट्यूडर. तो १९६९ साली अहमदाबादला आला आणि तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने विद्युत्-संगीताची खोली उभी केली. संस्थेची धुरा तेव्हा गीताबेनची भावंडे गौतम व गिरा साराभाई वाहत होती. खोलीतले मुख्य यंत्र मूग सिंथेसायझर. त्यात तार नाही, चामडे नाही, हवेचा भाता नाही. विजेचा दाब कमीजास्त करावयाचा की सूर चढतो-उतरतो. आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाई दोऱ्या खोवून एका घराचे बोलणे दुसऱ्या घरी जोडीत असे, तशा दोऱ्या खोवून एक आवाज दुसऱ्यात मिसळावयाचा. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा या मंडळींनी तेथे कामे केली.

१९७२ नंतर हे थांबले. फिती कपाटात गेल्या. पंचेचाळीस वर्षे त्यांना कोणी हात लाविला नाही. पॉल पर्गस या इंग्लंडमधल्या कलावंताने संस्थेच्या दप्तरखान्यातून त्या शोधून काढल्या, आणि २०२३ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. माझी तक्रार बाहेरच्या माणसाने शोधल्या ही नाही. आपल्याकडे चित्र ठेवावयाला भिंत असते, पुस्तक ठेवावयाला कपाट असते, आवाज ठेवावयाची जागाच नसते, ही आहे. याला एक मोठा अपवाद पुण्याचा. गी पॉइटेव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगावच्या बायकांकडून जमविल्या. त्यांची संख्या लाखावर गेली, पुष्कळांचे ध्वनिमुद्रणही झाले. बहिणाबाईंच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना त्याचे मोल सांगावे लागू नये.

आता चेष्टेचा भाग. या कलेच्या नावाखाली जे चालते त्यातले निम्मे मला थोतांड वाटते. एका खोलीत पाच कर्णे घुमताहेत, भिंतीवर एक जड इंग्रजी पाटी आहे, आणि आत गेलेला मनुष्य डोके धरून बाहेर येतो. पाटी काढली तर काही उरत नाही अशी कला ही मुनिमाने चालविलेल्या दुकानासारखी आहे. हिशेब चोख, माल नाही.

परंतु उरलेले निम्मे? मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांचे एक काम पाहा. कवितेपायी किंवा मतांपायी तुरुंगात गेलेल्या, निरनिराळ्या शतकांतल्या शंभर कवींच्या ओळी त्यांनी घेतल्या. अंधाऱ्या खोलीत शंभर लोखंडी सळया उभ्या, प्रत्येकीच्या टोकाला कवितेचा कागद खोचलेला आणि प्रत्येकीवर एक मायक्रोफोन टांगलेला. गंमत अशी की हे मायक्रोफोन ऐकत नाहीत, बोलतात. एक बोलतो आणि भोवतालचे त्याच्या मागून म्हणू लागतात. मायक्रोफोन आणि कर्णा यांच्या पोटात सामान एकच असते. एक पडदा, एक तारेचे वेटोळे आणि एक चुंबक. पडदा हलला तर वीज निघते, वीज सोडली तर पडदा हलतो. पुढाऱ्यासमोर ठेवलेले ते यंत्र उलटे जोडले की ज्याचे तोंड बंद केले त्याला तोंड फुटते. सभा गाजविणाऱ्या माझ्यासारख्याला तर हे फारच लागले. हे काम करविणाऱ्या दोन संस्थांपैकी एक बाकूची होती. भोंग्यांच्या गाण्यानंतर शहाण्णव वर्षांनी, २०१८ साली, त्याच गावात ते ऐकविले गेले. नंतर ते कोचीला व २०१९ मध्ये व्हेनिसला मांडले गेले.

माझ्या स्वतःच्या कामात ही विद्या उपयोगी पडली ती अशी. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटईचे कारखाने आहेत, धुळ्याकडे यंत्रमाग आहेत. अशा शेडमधला आवाज सर्वसाधारणपणे नव्वद ते शंभर डेसिबलच्या घरात असतो. डेसिबलचे गणित फसवे आहे. नव्वदाचे शंभर झाले म्हणजे आवाज नवव्या हिश्शाने वाढला असे नव्हे, त्याची शक्ती दसपट झाली. आठ तासांच्या पाळीला नव्वदची मर्यादा नियमांत धरलेली आहे, आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हा कारखाना कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदला गेला. तरी तो सिद्ध करणे कठीण जाते. कारण हा मनुष्य बहिरा दिसत नाही. हाक मारली तर तो वळतो. कानाच्या आतल्या गोगलगाईसारख्या नळीत सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि आवाजाच्या माऱ्याने आधी मरतात त्या उंच सूर टिपणाऱ्या. स्वर खालचे, म्हणून ते ऐकू येतात. स, श, फ, त, ठ यांची कुजबूज वरची, म्हणून ती जाते. ‘सात’ आणि ‘आठ’ यांतला नुसता ‘आ’ उरतो. एका कामगाराच्या बाबतीत मालकाचा प्रतिनिधी म्हणाला, “याला ऐकू येते, हा सोंग करतो.” तो कामगार वाटाघाटीत प्रत्येक वाक्याला मान डोलवीत होता, कारण न कळलेले पुन्हा विचारावयाची त्याला लाज वाटत होती.

चित्रकला शिकणाऱ्या दोन मुलांना मी हे सांगितले. त्यांनी आमच्या एका बैठकीचे बोलणे मुद्रित केले, संगणकावर त्यातले वरचे सूर त्या कामगाराच्या कानतपासणीच्या आलेखाप्रमाणे उतरविले आणि मागे शेडचा खडखडाट घातला. तीन मिनिटांची ती फीत आम्ही द्वारसभेत लाविली. पहिले मिनिट लोक हसले. मग गप्प झाले. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, “अहो, मी रोज घरी यांच्यावर ओरडते, ते यांना असे ऐकू येते होय?” पुढच्या आठवड्यात कानाची तपासणी करून घ्यावयाला आमच्या कचेरीत रांग लागली. वैद्यकीय दाखल्याची जागा ही फीत घेऊ शकत नाही, हे मी त्या मुलांना बजावले आहे. दाखला दाखल्याच्या जागी; परंतु दाखल्यावरचे आकडे त्या बाईला काही सांगू शकले नसते.

यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. खिशातला फोन पुरतो. तो बोलणाऱ्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर, वाऱ्याकडे पाठ करून धरावा. मूळ फीत कापू नये. कापावयाची असेल तर तिची प्रत कापावी. प्रारंभीच स्थळ, तारीख आणि आवाज कशाचा हे स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवावे, नाहीतर दहा वर्षांनी ती फीत म्हणजे निनावी खडखडाट. आणि माणसाचा आवाज घेण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. लेवा गणबोली बोलणारी म्हातारी माणसे आपल्या यावल-रावेर भागात अजून आहेत, बैलाला घालावयाच्या हाका त्यांना अजून येतात. तेथून आरंभ करावा.

जळगावची खानदेश मिल कधीच बंद पडली. तिच्या भोंग्याचे मुद्रण माझ्या ऐकण्यात नाही. एका जुन्या गिरणीकामगाराने मला आपल्या गिरणीचा भोंगा तोंडाने करून दाखविला. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून त्याने आधी पहाटेचा केला आणि मग, दम घेऊन, पाळी सुटल्याचा. दोन्हींत फरक आहे. मी ते त्या मुलांच्या स्वाधीन केले आहे.