योजना एक, गावं अनेक

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुप्यात औद्योगिक वसाहतीमुळे परजिल्ह्यातली आणि परराज्यातली माणसं भाड्याच्या खोल्यांत राहतात. अकोले तालुक्यात डोंगरावर पाडे विखुरलेले आहेत. पाथर्डी-जामखेडकडून ऊसतोडीला बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं निघतात. जिल्हा एकच आणि शासनाचा आदेशही एकच: बाळ बेचाळीस दिवसांचं होईपर्यंत आशाताईनं, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीनं, ठरलेल्या दिवशी घरी जाऊन त्याला तपासायचं. पण सुप्यातलं भाडेकरू कुटुंब खोली बदलतं, तोडकरी बाई फडावर असते. आदेश तोच राहतो, काम मात्र जागेगणिक बदलतं. ते का बदलतं, हे समजायला याच जिल्ह्यातल्या जामखेडपासून सुरू होणारा गेल्या पाच दशकांचा अनुभव मोलाचा आहे.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या, पण ते जमलं नाही. मग गावानं निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांतल्या बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करत, गावातल्या अडचणी मांडत आणि नवं शिकून परतत. सुरुवातीला त्या भागात हजारी १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. १९९०च्या दशकात हा आकडा तिसाच्या आत आला.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारनं देशभर जनस्वास्थ्य रक्षक नेमायला सुरुवात केली. कल्पना जामखेडच्या जवळचीच होती: हजार लोकांमागे गावातलाच एक माणूस. पण निवड बहुतांशी पुरुषांची झाली. प्रशिक्षण तीन महिन्यांचं होतं, आणि त्यानंतर आठवड्याला बसून ऐकणारं, शिकवणारं कुणी नव्हतं. योजना हळूहळू विरत गेली. माणूस नेमला, पण त्याला उभं ठेवणारी व्यवस्था नेमली नाही.

उलट अनुभव गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ती पद्धत दुसरीकडे चालेल का, हे ‘अंकुर’ प्रकल्पानं २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रात सात ठिकाणी तपासलं. त्यांत खेडी होती, आदिवासी भाग होता, शहरी झोपडपट्टीही होती. नवजात मृत्यू जवळपास निम्म्यानं घटले. म्हणजे जागा वेगळी असली तरी प्रशिक्षण, देखरेख आणि चोख नोंदी सोबत गेल्या तर काम उभं राहतं. २०११ पासून ही जबाबदारी देशभरातल्या आशाताईंकडे आली.

तरीही जिल्ह्याच्या आढावा बैठकीत आजही उद्दिष्टाच्या टक्केवारीवरून आरोग्य केंद्रांची क्रमवारी लागते. मागे का पडलं, याची नोंद क्वचितच होते. बाई माहेरी गेली होती, मोबदला थकला होता, की आशाताईंवर देखरेख ठेवणारी गटप्रवर्तक फिरकलीच नाही? ही कारणं रजिस्टरात यायला हवीत. जिल्हा परिषदेनं मागे पडलेल्या केंद्राला नोटीस धाडण्याआधी तिथल्या आशाताईला समोर बसवून तिचं म्हणणं लिहून घ्यावं. योजनेत दुरुस्ती तिथूनच सुरू झाली पाहिजे.