खिडकीखालील नक्षी आणि संगणक
खिडकीखालील नक्षीच्या चौकटी पूर्वी गवंड्याच्या नजरेवर सोपविल्या जात. आता ‘स्केचअप’ या संगणकीय साधनात आम्ही त्या मजुरी लागण्यापूर्वीच पाहून घेतो. खिडकीच्या रुंदीचा आयत रेखावा, त्याच्या आत समांतर दुसरा काढावा आणि ‘पुश-पुल’ने आतील भाग दोन सेंटिमीटर मागे ढकलावा. ही चौकट ‘कॉम्पोनन्ट’ करून ठेविल्यास एकीतील फेरफार साऱ्या खिडक्यांखाली उमटतो. गाव, तारीख, वेळ दिली की सावलीही पडते. पाऊस मात्र पडत नाही! आमच्या बेळगावच्या घराचे चित्र सुरेख वठले, पण खिडकीच्या तळची फरशी भिंतीबाहेर काढावयाची राहिली. पहिल्याच पावसाळ्यात नक्षीवर काळे ओघळ आले. अखेर पाच सेंटिमीटर पुढे येणारी नवी फरशी बसवून तिच्या खालच्या अंगास पाणी तुटण्यासाठी खाच पाडून घ्यावी लागली.